एचआयव्हीची नवी इंजेक्शनं आधी कुणाला? बेंगळुरूला की खानापूरला?

मलप्रभाकाठ

एचआयव्हीची रोजची गोळी बंद करून दोन महिन्यांतून एकदा इंजेक्शन घ्यायचं, ही सोय अमेरिकेत २०२२ पासून आहे. कॅबोटेग्राविर आणि रिल्पिविरिन ही ती दोन औषधं. एकाच वेळी दोन्ही कमरेला टोचायची. जुलै २०२५ मध्ये किगालीच्या परिषदेत जागतिक आरोग्य संघटनेनं या इंजेक्शनला उपचाराचा पर्याय म्हणून मान्यता दिली. ज्यांचा विषाणू गोळ्यांनी आटोक्यात आलेला आहे, त्यांनी गोळ्यांवरून इंजेक्शनवर जायला हरकत नाही, असं त्यांनी सांगितलं. आपल्या सरकारी एआरटी केंद्रांत, म्हणजे एचआयव्हीची औषधं मोफत मिळतात तिथं, ते अजून आलेलं नाही. पण कधीतरी येणार. तेव्हा काय होईल ते आपल्याला आत्ताच माहीत आहे. आधी बेंगळुरू, मग हुबळी, मग बेळगाव शहर आणि सगळ्यात शेवटी तालुके.

माझं म्हणणं आहे की हा क्रम उलटा हवा. पहिली इंजेक्शनं खानापूर, सौंदत्ती, अथणी, रायबाग इकडं यावीत.

कारण सांगतो. बेंगळुरूत राहणाऱ्याला औषध आणायला अर्धा दिवस लागतो आणि कुठं गेला होतास म्हणून कुणी विचारत नाही. कणकुंबीकडच्या माणसाचा सगळा दिवस जातो, रोजगार बुडतो. एसटी स्टँडवर ओळखीचा कुणी भेटला तर त्याला काहीतरी सांगावं लागतं. घरी आल्यावर बाटली लपवायची. तीन खोल्यांच्या घरात आठ माणसं असतील तर ती लपणार कुठं? बाटलीवरचं लेबल खरवडून टाकणारे, गोळ्या कागदात बांधून पिठाच्या डब्याखाली ठेवणारे लोक मला माहीत आहेत. लग्नघरी मुक्काम पडला की त्या दिवसाची गोळी चुकतेच. पोरं गोव्याला हॉटेलात कामाला असतात, एका खोलीत सहा-सात जण. तिथं रात्री गोळी काढायची म्हणजे सगळ्यांना सांगितल्यासारखंच. गणपतीला आणि शिमग्याला गावी येतात, तेवढीच त्यांची आपली भेट. अशा माणसाला इंजेक्शनची गरज जास्त आहे की बेंगळुरूतल्या एकट्या राहणाऱ्याला?

दुसरी गोष्ट इतिहासाची. २००० नंतरच्या दशकात बेळगाव आणि बागलकोट हे राज्यातल्या सगळ्यात जास्त बाधित जिल्ह्यांत होते. २००३ पासून गेट्स फाउंडेशनच्या आवाहन या एचआयव्ही प्रतिबंध प्रकल्पाचे पैसे आले, कंडोम आले, गुप्तरोगाचे दवाखाने आले. मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला देशातल्या मोजक्या मोठ्या रुग्णालयांत सुरू झाली आणि तिथून तालुक्यापर्यंत यायला तिनं वर्षं घेतली. औषध देशात होतं, मोफत होतं आणि तरी आपली माणसं त्याच्याविना गेली. मी हे विसरू शकत नाही. पुन्हा तोच क्रम लागू नये म्हणून आत्तापासून बोललं पाहिजे.

समुपदेशक_बेळगाव

मलप्रभाकाठ, तुमची तळमळ कळते आणि वर्णनातला शब्द न् शब्द खरा आहे. पण निष्कर्षाला माझा ठाम विरोध आहे. मी या कामात आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आज सरकारी केंद्रात मिळणारी टीएलडी ही गोळी, म्हणजे टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर, ही जुनी किंवा कमअस्सल नाही. श्रीमंत देशांतही डोल्युटेग्राविर किंवा त्याच्याच जातीच्या औषधावर बहुतेकांची सुरुवात होते. २०२० पासून आपल्याकडं ती आली. बेंगळुरूत मिळते तीच गोळी खानापूरच्या माणसाला मिळते. आणि तिचा मोठा गुण हा की ती चुका पोटात घालते. अधूनमधून एखादी राहिली तरी विषाणू सहसा औषधाला दाद न देणारा बनत नाही.

इंजेक्शन चूक पोटात घालत नाही. दोन महिन्यांची तारीख ठरली की पुढंमागं सात दिवसांची सवलत. माणूस आलाच नाही तर औषध अंगातून एकदम जात नाही, वर्षभरसुद्धा थोडंथोडं उरतं. ते विषाणूला मारायला अपुरं, पण त्याला औषधाची ओळख करून द्यायला पुरेसं. मग तो निगरगट्ट होतो. आणि कॅबोटेग्राविर हे डोल्युटेग्राविरच्याच जातीचं असल्यानं नंतर टीएलडीसुद्धा निकामी व्हायचा धोका. म्हणजे गोव्याला गेलेला पोरगा दोन इंजेक्शनं चुकवून परत आला, तर त्याला द्यायला माझ्याकडं आज आहे तेवढीही चांगली गोळी उरणार नाही. तुम्ही ज्याला पहिल्यांदा द्या म्हणताय, त्याला देताना माझा हात सगळ्यात जास्त थरथरेल.

आणखी एक. क्षयरोग. एचआयव्ही असलेल्याला आपल्याकडं टीबी होण्याची भीती कायम असते. टीबीच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन असेल तर हे इंजेक्शन चालतच नाही. टीएलडी चालते, फक्त बारा तासांनी डोल्युटेग्राविरची एक जास्तीची गोळी द्यावी लागते. हिपॅटायटिस बी असेल तरी टीएलडीच बरी, कारण त्यातलं टेनोफोविर दोन्ही विषाणूंवर चालतं. इंजेक्शन हिपॅटायटिसवर काहीच करत नाही.

मग खेडं आणि शहर यांत फरक कुठं आहे? तो व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याच्या, रिपोर्टात आहे. गोळी सुरू केल्यावर सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा ही तपासणी व्हायला हवी. शहरात राहणारा रक्त देतो, रिपोर्टला पुन्हा येतो. खेड्यातल्याचं रक्त घ्यायचा दिवस ठरलेला असतो, त्या दिवशी तो येऊ शकला नाही तर पुढच्या खेपेला. रिपोर्ट येईपर्यंत तो ऊसतोडीला गेलेला असतो. रिपोर्ट वाईट असेल तर दुसऱ्या फळीच्या औषधांसाठी तज्ज्ञांकडं जायचं आणि ते मोठ्या शहरात. विषाणू वाढतोय हे शहरातल्याला लवकर कळतं आणि खेड्यातल्याला वजन उतरल्यावर कळतं. मला आधी ही दरी बुजवायची आहे.

जांबोटीकर

सात दिवसांची सवलत म्हणताय तर पावसाळ्यात आमच्याकडं येऊन बघा. जुलैत पश्चिमेकडच्या काही गावांचा रस्ता पाण्याखाली जातो, भीमगडच्या जंगलातली गावं तर तालुक्यापासून तुटतातच. गरोदर बाईला तिरडीसारखं बांधून खांद्यावरून आणायची वेळ येते. तिथं तारीख पाळायची कशी? मी समुपदेशकांच्या बाजूचा. तीन महिन्यांच्या गोळ्या घरात असल्या की पूर आला तरी पोटात औषध जातं.

मलप्रभाकाठ

समुपदेशक सर, वैद्यकीय मुद्दे मान्य. पण त्यावरून खेड्यातल्या माणसाला शेवटी ठेवायचं हे मला मान्य नाही.

युगांडा, केनिया आणि दक्षिण आफ्रिकेत ५१२ जणांवर या इंजेक्शनचा केअर्स नावाचा अभ्यास झाला, २०२४ मध्ये छापून आला. मुद्दाम तिथल्या सरकारी कार्यक्रमासारखी पद्धत ठेवली होती, व्हायरल लोडही वारंवार बघितला नाही. वर्षाच्या आसपास दोन्ही गटांत ९७ टक्क्यांजवळ लोकांचा विषाणू दबलेला होता, गोळीवाल्यांचाही आणि इंजेक्शनवाल्यांचाही. आफ्रिकेतल्या सरकारी दवाखान्यातला माणूस तारीख पाळतो आणि खानापूरचा पाळणार नाही, असं आपण आधीच का ठरवायचं?

फ्रीजचा मुद्दा कुणी काढायच्या आधी मीच बोलतो. रिल्पिविरिनला २ ते ८ अंश लागतात, हे खरं. पण बाळांच्या लशींनाही तेवढेच लागतात आणि त्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत आणि तिथून अंगणवाडीपर्यंत डब्यातून जातात. २०२१ मध्ये कोविडची लस वाड्यावस्त्यांवर गेली. सरकारनं मनावर घेतलं की थंड डबा चालत जातो.

आणि जांबोटीकर, तुम्ही रस्त्याचं बोललात म्हणून विचारतो. रस्ता तुटतो म्हणून त्या गावांना लस द्यायची थांबवतात का? पावसाच्या आधीची तारीख धरून देतात.

समुपदेशक_बेळगाव

केअर्समध्ये घेतलेले सगळे लोक आधीच गोळ्यांवर स्थिर होते, हिपॅटायटिस बी असलेल्यांना वगळलं होतं आणि अभ्यास चालू असताना माणूस आला नाही की त्याला शोधायला माणसं होती. आमच्याकडं एक समुपदेशक आणि रांगेत बसलेली माणसं. काही ठिकाणी डॉक्टरची जागाच रिकामी. कागदावरचं औषध आणि कार्यक्रमातलं औषध यांत एवढा फरक असतो. तो माणूस शोधायला जाणारा कर्मचारी आधी द्या, मग इंजेक्शनचं बोलू.

निपाणीची_अक्का

इतका वेळ वाचत होते. लिहू की नको असं होत होतं. मी स्वतः पॉझिटिव्ह आहे, बरीच वर्षं गोळ्या घेते, माझा व्हायरल लोड दिसत नाही इतका खाली आहे. तंबाखूच्या वखारीत कामाला जाते.

तुम्ही दोघं भांडताय ते औषध जवळ आणायचं की नाही यावर. मला ते जवळ नकोच आहे.

आमच्या गावातल्या दवाखान्यात गल्लीतलीच एक बाई काम करते. चांगली आहे, पण तिची सासू आमच्या घरी बसायला येते. मी तिथं फाइल काढली असती तर महिन्याच्या आत माझ्या पोरीच्या सासरी कळलं असतं. म्हणून मी लांब जाते. कुठं ते इथं सांगणार नाही. निपाणीहून कोल्हापूर ४० किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि आमच्यातली कितीतरी माणसं आपल्या गावची कुणी जात नाहीत ते केंद्र बघून जातात. तिकडची इकडं येतात, इकडची तिकडं जातात. जून २०२३ पासून कर्नाटकाच्या शक्ती योजनेमुळं आम्हा बायकांना बेळगावला जायला तिकीट नाही, हा फार मोठा आधार झाला. हद्द ओलांडली की पैसे लागतात. पण एकदा एका मोठ्या दवाखान्यात (नाव घेत नाही) माझ्या केसपेपरवर सगळ्यांना दिसेल असं लाल पेननं लिहिलं होतं आणि वॉर्डातल्या मावशीनं पोरीसमोर वाचलं. त्यानंतर अंतर हेच मला सुरक्षित वाटतं.

म्हणून मलप्रभाकाठांचं अर्धं पटतं. वर्षातून सहा वेळाच लांब जायचं आणि घरात बाटली नाही, असं झालं तर मी पहिल्या रांगेत उभी राहीन. पण ते इंजेक्शन माझ्या तालुक्यातच, माझ्या आरोग्य केंद्रातच घ्यायला लावलं तर मी घेणार नाही. आशाताई यादी घेऊन दारात आल्या तर त्या दिवशी मी घरी नसेन.

समुपदेशक सरांना एक सांगते. कोविडमध्ये तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या मिळायला लागल्या तेव्हा आमचं आयुष्य बदललं. मग २०२२ मध्ये तुटवडा आला. दिल्लीत नाकोच्या, म्हणजे केंद्राच्या एड्स नियंत्रण संस्थेच्या, ऑफिसपुढं आमची माणसं जुलै-ऑगस्टमध्ये महिन्याहून जास्त दिवस बसली होती. इथं आम्हाला थोड्या थोड्या गोळ्या देऊन परत बोलवायचे. खाडे झाले, मालकाची बोलणी खाल्ली. त्या वेळी शहरातल्याला रिक्षाचे पैसे गेले, माझा हप्ता गेला. जागतिक आरोग्य संघटना स्थिर माणसाला सहा महिन्यांच्या गोळ्या द्यायला हरकत नाही म्हणते. ते का होत नाही? त्याला नवीन औषध लागत नाही, फ्रीज लागत नाही.

टिळकवाडी

अक्का, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. पण शहराबद्दल इथं जे चित्र रंगवलं जातंय त्याला माझा आक्षेप आहे.

शहरात कुणी विचारत नाही, हे नोकरदार फ्लॅटवाल्यापुरतं. वडगाव-शहापूरच्या चाळीत, मागावर काम करणाऱ्याच्या घरात, भिंतीला भिंत लागून असते. घरमालकाला कळलं की खोली खाली करायला सांगतात. तृतीयपंथी मैत्रिणींना शहरातच राहावं लागतं, कारण गावानं हाकललेलं असतं, आणि दवाखान्याच्या रांगेत त्यांना बायकांतही उभं करत नाहीत आणि पुरुषांतही. खाजगी दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी टेस्ट पॉझिटिव्ह आली की "आमच्याकडं सोय नाही" म्हणून पाठवून देतात, शहरात मोठी हॉस्पिटलं असूनही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं या भेदभावाला बंदी घातली, संमतीशिवाय कुणाची माहिती उघड करायला मनाई केली. कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. अक्कांच्या केसपेपरवर ते लाल अक्षर लिहिणाऱ्यानं तो मोडलाय.

खेडं आधी की शहर आधी हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. ज्याला गोळी लपवावी लागते त्याला आधी द्या, मग तो कुठंही राहो.

मलप्रभाकाठ

टिळकवाडी, हे ऐकायला बरोबर वाटतं, पण सरकार असं चालत नाही. सरकार केंद्रं निवडतं. "गरज असेल त्याला" म्हटलं की यादी मोठ्या रुग्णालयातच तयार होते, कारण गरज तपासणारा डॉक्टर तिथंच असतो. मागाच्या घरातला माणूस निदान त्या रांगेत उभा राहू शकतो. खानापूर तालुक्याचं नाव यादीत लिहिलेलं नसेल तर तिथल्या माणसाला रांगच नाही.

रायबागवाला

थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीच्या गोळ्या महिनोन् महिने नसतात. साखरेच्या गोळ्या बाहेरून घ्याव्या लागतात. उसाच्या पट्ट्यात किडनीचे रुग्ण डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा-तीनदा हिंडतात, त्यांना कुणी दारात सोय देत नाही. एचआयव्हीला वेगळं केंद्र, वेगळा समुपदेशक, मोफत औषध आधीच आहे आणि गोळी चांगली आहे असं समुपदेशक स्वतः सांगतात. मग आहे त्यापेक्षा महाग इंजेक्शनाची मागणी आत्ताच का? तेवढ्या पैशात तालुक्याला एक फिजिशियन कायमचा मिळाला तर एचआयव्हीवाल्यालाही त्याचा उपयोग.

समुपदेशक_बेळगाव

रायबागवाला, फिजिशियनबद्दल शंभर टक्के सहमत. पण एचआयव्हीचे पैसे आणि बीपीचे पैसे असे एकमेकांसमोर उभे करू नका. ज्याचा विषाणू तपासणीत दिसत नाही इतका खाली गेला, त्याच्याकडून शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. ती गोळी एका माणसाला जगवते आणि त्याच्या जोडीदारालाही वाचवते. बीपीच्या गोळीला हा दुसरा गुण नाही. शिवाय टीएलडी आता महाग राहिलेली नाही. २०२३ मध्येच ग्लोबल फंडानं एका माणसाच्या वर्षभराच्या गोळ्यांचा भाव ४५ डॉलरच्या खाली आणला.

०.२ टक्के म्हणजे थोडे लोक नव्हेत. देशात २५ लाखांच्या आसपास माणसं एचआयव्हीसह जगतात आणि महाराष्ट्र, आंध्र, कर्नाटक ही त्यातली पहिली तीन राज्यं. आपण त्यातल्या दोघांच्या मधे राहतो.

सौंदत्ती_रोड

उपचाराबद्दल चाललंय ते चालू द्या, पण लागण टाळणाऱ्या लेनाकापाविरचं नाव अजून कुणी काढलं नाही. वर्षातून दोनदाच इंजेक्शन, पोटाच्या कातडीखाली, आणि फ्रीज लागत नाही. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या अभ्यासात हे इंजेक्शन घेणाऱ्या २१३४ मुली-बायकांपैकी एकीलाही लागण झाली नाही. एकीलाही नाही! जून २०२५ मध्ये अमेरिकेनं प्रतिबंधासाठी मान्यता दिली तेव्हा तिथला भाव वर्षाला २८ हजार डॉलरच्या वर होता. तेच औषध २०२७ पासून गरीब आणि मध्यम देशांना वर्षाला ४० डॉलरच्या आसपास द्यायचं ठरलंय आणि ते बनवणार आपल्याच देशातल्या कंपन्या, हैदराबादच्या हेटेरो आणि डॉ. रेड्डीज. परवाना मिळालेल्यांत पुण्याची एमक्युअरही आहे. पुण्यात बनवायचा परवाना आणि सौंदत्तीला इंजेक्शन नाही, असं व्हायला नको.

माझी सूचना अशी की पौर्णिमेच्या यात्रेला यल्लम्माच्या डोंगरावर कोल्हापूर-सांगलीपासून लाखो लोक येतात. तिथं शिबिर लावून ज्यांना धोका आहे त्यांना द्यावं.

समुपदेशक_बेळगाव

घोटाळा होऊ नये म्हणून लिहितो. लेनाकापाविरचं हे जे वर्षातून दोनदा आहे ते निगेटिव्ह माणसाला लागण होऊ नये म्हणून. पॉझिटिव्ह माणसाला ते एकटं देता येत नाही, जोडीला दुसरी औषधं लागतात. इथं वाचून कुणी गोळ्या बंद करून वाट बघत बसू नका, कृपा करून. प्रतिबंधासाठी द्यायचं तरी आधी तपासणी हवी, टीबीचं औषध चालू आहे का ते बघायला हवं आणि सहा महिन्यांनी तोच माणूस पुन्हा सापडायला हवा. यात्रेत आलेला माणूस पुन्हा कुठं सापडणार?

निपाणीची_अक्का

सौंदत्ती रोड, हेतू चांगला असेल, पण यात्रेत शिबिर नको म्हणजे नको. डोंगरावर येणारी प्रत्येक बाई त्यातलीच, असं समजणारे लोक आधीच भरपूर आहेत. देवदासी सोडायला बंदी करणारा कायदा १९८२ चा, पण त्या बायकांच्या पोरींना अजून त्याच नजरेनं बघतात. तंबूच्या बाहेर रांग लावली की त्या रांगेचा फोटो गावात आधी पोचेल.

करायचंच असेल तर सांगलीच्या संग्राम संस्थेनं आणि वॅम्प या धंदा करणाऱ्या बायकांच्या संघटनेनं जसं केलं तसं करा. संग्राम १९९२ पासून आहे. त्या बायकांनी स्वतःच वस्तीत कंडोम वाटले, स्वतःच दवाखान्यात सोबत गेल्या, डॉक्टरनं नीट हात लावला नाही तर त्याच बोलल्या. बाईला कुणाबरोबर जायचं ते तिला ठरवू द्या. तारीख चुकली तर तिच्या दारात कुणाला पाठवायचं तेही तिलाच विचारा. समुपदेशक सर म्हणतात तो शोधायला जाणारा माणूस आमच्यातलाच असू शकतो, पगार द्यावा लागेल एवढंच.

सीमाभागातला_एक

महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं. मग हे इंजेक्शनही महाराष्ट्राकडूनच मागूया. कर्नाटक आपल्याला देणार नाही. तिकडं आपली भाषा तरी कळते.

टिळकवाडी

यात सीमावाद आणू नका, मनापासून सांगतो. मी स्वतः मराठीसाठी मोर्चात चालणारा माणूस आहे. पण एआरटी हा केंद्राचा, नाकोचा कार्यक्रम. औषध दोन्हीकडं तेच आणि एका राज्यातल्या केंद्रातून दुसऱ्या राज्यातल्या केंद्रात नाव बदलून घेता येतं. अक्कांसारख्यांचं आयुष्य या सोयीवर चाललंय. उद्या दोन्ही सरकारांनी "आमचे रुग्ण, तुमचे रुग्ण" सुरू केलं तर पहिला तोटा सीमेवरच्याच माणसाला. भाषेचं म्हणाल तर माहितीपत्रक मराठीतही हवं, ही मागणी मी कर्नाटकाकडंच करीन. माझा तो हक्क आहे.

मलप्रभाकाठ

एक निवेदन तयार करतोय, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना आणि बेंगळुरूच्या राज्य एड्स प्रतिबंधक सोसायटीला द्यायला. इथल्या बोलण्यावरून असं लिहितोय.

व्हायरल लोडसाठी रक्त तालुक्यात कोणत्याही कामाच्या दिवशी घ्यावं आणि रिपोर्ट फोनवर, त्या माणसानं दिलेल्याच नंबरवर कळवावा. ही मागणी सगळ्यात वर ठेवली आहे. त्याखाली, ज्यांचा विषाणू दबलेला आहे आणि ज्यांना हवं आहे त्यांना सहा महिन्यांच्या गोळ्या, आणि तुटवडा आला तरी लांबच्याला आधी पुरेशा द्याव्यात. केंद्र कुठलं घ्यायचं ते रुग्ण ठरवेल, जवळच्या केंद्रात जा म्हणून सक्ती नको. रिकाम्या जागा भराव्यात. आणि लांब टिकणारी इंजेक्शनं राज्यात पहिल्यांदा ज्या केंद्रांत सुरू होतील, त्या पहिल्याच यादीत बेळगाव जिल्ह्यातला किमान एक ग्रामीण तालुका असावा.

शेवटची मागणी मी काढणार नाही. २००४ चं मी वर लिहिलंय.

समुपदेशक_बेळगाव

पहिल्या सगळ्या मागण्यांना माझा पाठिंबा. शेवटच्या मागणीत "टीबी आणि हिपॅटायटिस बीची तपासणी करून, आणि तारीख चुकलेल्यांचा पाठपुरावा करायला स्वतंत्र पगारी कर्मचारी नेमून" एवढं घाला. ते नसेल तर मी त्या मागणीच्या विरोधात बोलेन, बैठकीतही बोलेन. अर्धवट सुरू केलेलं इंजेक्शन आमच्या माणसांची टीएलडी घालवेल, ते मला बघवणार नाही.

मलप्रभाकाठ

घातलं. कर्मचारी रुग्णांमधूनच घ्यावा, हे अक्कांचंही घातलं. पण सर, कर्मचारी मिळेपर्यंत थांबा असं उत्तर आलं तर मी थांबणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. बेंगळुरूला कर्मचारी आधीच असतो म्हणून तिथं सुरू होईल आणि आपण अर्ज करत बसू.

रायबागवाला

तालुक्याच्या फिजिशियनचं ठळक लिहा, मी सही करतो. इंजेक्शनच्या मागणीवर नाही.

जांबोटीकर

सह्या कुठं करायच्या? रविवारी खानापूरला आहे मी.

निपाणीची_अक्का

माझी सही मिळणार नाही, आणि माझ्यासारख्या बऱ्याच जणांची मिळणार नाही. ते कागद टेबलावरून टेबलावर फिरतात. ज्यांच्यासाठी निवेदन आहे त्यांचीच नावं त्यावर नसणार. म्हणून सह्यांचा आकडा कमी दिसला तर साहेब म्हणतील, मागणारे एवढेच आहेत. पॉझिटिव्ह लोकांच्या जिल्हा संघटनेच्या लेटरहेडवर द्या, आत फक्त किती जणांच्या वतीनं ते लिहा. मी त्यांच्या बैठकीत हात वर करीन.

मलप्रभाकाठ

तसंच करू. संघटनेशी उद्या बोलतो. मराठी आणि कन्नड दोन्हीतला मसुदा झाला की इथं टाकतो, अक्का, तुम्ही आधी वाचा.